रेल्वे आली, वेशी राहतील काय?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड आणि अहिल्यानगर ह्या दोन शहरांमध्ये प्रवासी रेल्वेगाडी सुरू झाली, आणि ज्या मागणीसाठी दोन-तीन पिढ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, मोर्चे काढले, उपोषणे केली, ती मागणी अखेर पदरात पडली. ह्याचा आनंद प्रत्येक बीडकरास होणे स्वाभाविक आहे व त्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु लोहमार्ग गावात एकटा येत नसतो. त्याच्या मागून व्यापार येतो, व्यापाराच्या मागून वस्ती येते, वस्तीच्या मागून जमिनीचे भाव चढतात; आणि भाव चढले की गावातील प्रत्येक जुनी भिंत कोणाच्या ना कोणाच्या हिशेबात अडगळ ठरू लागते. इतर शहरांचा अनुभव असा की, हा हिशेब मांडला जात असताना नागरिक बेसावध असतात आणि ते जागे होतात तेव्हा पाडलेल्या दगडांचा ढिगारा भरावासाठी उचलला गेलेला असतो. आमच्या शहराला ह्या बाबतीत थोडी सवड मिळाली आहे. ती फुकट जाऊ नये म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

बीडमध्ये जतन करावे असे आहे तरी काय, असा प्रश्न बाहेरच्या माणसापेक्षा बीडकरच अधिक वेळा विचारतो, हे दुर्दैव होय. ह्या शहरात कुंडाच्या पाण्याने वेढलेले कंकालेश्वराचे देऊळ आहे. काळ्या पाषाणातील त्याची घडण आणि त्याच्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यासाठी अभ्यासक दुरून येतात. आम्ही मात्र महाशिवरात्रीच्या जत्रेखेरीज तिकडे सहसा फिरकत नाही. पूर्वेकडील टेकडीवर खंडोबाचे देऊळ असून त्याच्यापुढील दोन अष्टकोनी दीपमाळा शहराच्या कोणत्याही भागातून नजरेत भराव्यात अशा उंच आहेत. ह्या देवळाचे श्रेय सुलतानजी निंबाळकर ह्यांच्याकडे दिले जाते. त्याच टेकड्यांच्या बाजूस शहेनशाहवली ह्यांचा दर्गा आहे. महादजी शिंदे ज्यांना गुरुस्थानी मानीत त्या मन्सूरशहा ह्यांची समाधी ह्याच शहरात आहे. जुन्या गावात सतराव्या शतकातील जामा मशीद आहे; आणि कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे तर आमच्या रोजच्या बोलण्यात आहेत. पत्ता सांगताना आम्ही वेशीचे नाव घेतो, पण त्या वेशीकडे मान वर करून पाहत नाही. देऊळ, मशीद, दर्गा आणि वेस ही चारही एकाच जातीच्या दगडात, बहुधा एकाच परंपरेतल्या पाथरवटांच्या हातांनी घडली आहेत. ह्या वारशाची वाटणी धर्मावार करू पाहणाऱ्यांनी निदान हा दगड तरी एकदा निरखून पाहावा.

तो दगड कोणता, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. दिल्ली-आग्र्याचे किल्ले तांबड्या वालुकाश्माचे, जैसलमेरचा किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा. वालुकाश्म म्हणजे वाळूचे थर दाबले जाऊन झालेला खडक. तो कोरण्यास सोपा, दिसण्यास मोहक, परंतु पाणी शोषून घेणारा आणि क्षारांनी पापुद्रे सुटणारा. आमचा दगड निराळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर शिलारसाचे जे पूर लोटले, ते थिजून झालेला हा काळा कातळ, म्हणजेच बेसाल्ट. तो घट्ट, जड आणि छिन्नीला दाद न देणारा आहे. शतकानुशतकांचे ऊनपाऊस तो सोसतो. आणि नेमक्या ह्याच गुणामुळे त्याची उपेक्षा होते. वालुकाश्म झिजताना डोळ्यांस दिसतो, म्हणून त्याची काळजी घेणारे लोक निघतात. काळा दगड झिजत नाही, म्हणून त्याची इमारतही अमर आहे असा आमचा गोड गैरसमज झाला आहे.

इमारत दगडात मरत नाही, ती सांध्यात मरते. दोन दगडांमधील चुना विरतो, तेथे पिंपळाचे बी रुजते, मुळी आत उतरते, पावसाचे पाणी भिंतीच्या गाभ्यातील भर धुऊन नेते, आणि एके दिवशी धडधाकट दिसणारी भिंत पोट सुटल्यासारखी फुगून खाली येते. जैसलमेरचा अनुभव ह्या बाबतीत बोलका आहे. शेकडो वर्षे कोरड्या हवेत उभ्या असलेल्या त्या किल्ल्यात नळाचे पाणी आले, पण त्याच्या निचऱ्याची धड व्यवस्था झाली नाही. पाणी पायात मुरत राहिले आणि बुरूज ढासळले. शत्रूच्या तोफांना जे साधले नाही ते सांडपाण्याने साधले. आमच्या जुन्या गावातील वेशींच्या आणि वाड्यांच्या पायथ्याशी वाहणाऱ्या गटारांकडे पाहावे, म्हणजे ह्या उदाहरणाचा संबंध निराळा सांगावा लागणार नाही.

उपेक्षेहूनही घातक असा दुसरा शत्रू आहे, आणि तो हितचिंतकाच्या वेषात येतो. त्याचे नाव जीर्णोद्धार. जीर्णोद्धार ह्या कल्पनेला आमचा विरोध नाही. देऊळ राबते राहावे, मशिदीत नमाज व्हावी, वेशीतून माणसे जावीत-यावीत, ह्यातच वास्तूचे जीवन आहे. विरोध आहे तो ह्या शब्दाखाली महाराष्ट्रभर चाललेल्या प्रकाराला. कोरीव खांबांना चकचकीत तैलरंगाचे हात दिले जातात. गाभाऱ्याच्या भिंतींना न्हाणीघरात शोभतील अशा फरशा बसविल्या जातात. निखळलेली शिल्पे झाडाखाली रचून ठेवून त्यांच्या जागी सिमेंटच्या मूर्ती उभ्या राहतात. आणि सांधे सिमेंटने बुजविले जातात. करणाऱ्यांची श्रद्धा खरी असते व वर्गणीही घामाची असते, म्हणून ह्या प्रकाराविरुद्ध बोलणे अवघड जाते. पण बोलले पाहिजे. चुन्याचा सांधा थोडी हालचाल सोसतो आणि आत शिरलेला ओलावा बाहेर पडू देतो. सिमेंट ताठ असते. ते ओलावा आत कोंडते, स्वतःचे क्षार दगडात सोडते, आणि ताण आला की सांधा फुटण्याऐवजी दगडाची कडा फुटते. शिवाय आमची अनेक जुनी देवळे मुळातच चुन्यावाचून, दगडाच्या खाचेत दगड बसवून रचलेली आहेत. त्यांच्या रचनेत सिमेंटला मुळीच स्थान नाही.

अज्ञानाचा आणखी एक प्रकार सुशिक्षितांतही आढळतो, तो म्हणजे जुने काळे देऊळ दिसले की त्यास ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होणे. हेमाद्रिपंडित हा महादेव आणि रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आमच्याच जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे, बाराखांबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सकलेश्वर मंदिराशी निगडित असलेला शिलालेख शके ११५० चा, म्हणजे इ. स. १२२८ चा आहे. तो यादव राजा सिंघण ह्याच्या खोलेश्वर नामक सेनापतीच्या काळातील असून हेमाद्रीच्या अधिकारकाळापूर्वीचा आहे. त्याच गावी, शके ११६२ मध्ये, म्हणजे इ. स. १२४० मध्ये, खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिने गुजरातच्या युद्धात पडलेल्या आपल्या भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारल्याची नोंद शिलालेखात आहे. बहिणीने भावासाठी उभारलेले हे स्मारक आमच्या जिल्ह्यात आहे, हे किती शाळांतील मुलांना ठाऊक असेल? मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी ह्यांमुळे अंबाजोगाईचे नाव साहित्यात अजरामर झाले; पण तेथील हत्तीखान्याची लेणी, बाराखांबीचे खांब आणि जवळच्या धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर ह्यांचे मोल त्याहून उणे नाही. अगदी अलीकडे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने बाराखांबीच्या परिसरात उत्खनन केले, तेव्हा आणखी देवळांचे तळपाये उजेडात आले. जमिनीखाली अजून किती आहे ह्याची ज्यांस कल्पना नाही, त्यांनी जमिनीवरचे तरी घाईने पाडू नये.

‘लोकांना प्यावयास पाणी नाही, हातास काम नाही आणि तुम्ही दगडांचे कौतुक सांगता’, हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. आमच्या मते बीडपुरता तरी हा आक्षेप उलटा आहे, कारण आमच्या वारशाचा मोठा भाग पाण्याचाच आहे. शहराच्या दक्षिणेस सोलापूरच्या रस्त्याजवळ खजाना विहीर आहे. मूर्तझा निजामशहाच्या कारकीर्दीत, हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधविली आणि तिचा रचनाकार म्हणून परंपरा राजा भास्कर ह्याचे नाव सांगते. आत फिरती ओवरी असलेल्या ह्या गोल विहिरीत भुयारी नहरी आहेत. काही नहरींतून पाणी विहिरीत येते, तर एका नहरीतून ते बाहेर पडून केवळ जमिनीच्या उताराने बलगुजार भागातील शेतमळ्यांकडे जाते. तेथे मोट लागत नाही, रहाट लागत नाही, आणि आजच्या भाषेत बोलावयाचे तर विजेचे बिलही येत नाही. ह्या विहिरीची पाणीपातळी सहसा हटत नाही अशी तिची पिढ्यान्‌पिढ्यांची ख्याती आहे. चार शतकांपूर्वी ज्यांनी हे साधले, त्यांनी ह्या भागातील जमिनीचा चढउतार आणि पोटातील पाणी आमच्याहून अधिक बारकाईने वाचले होते.

१९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ आम्ही स्वतः पाहिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुसऱ्या टोकाला, १९८९ च्या जुलैत ह्याच बिंदुसरेच्या महापुराने आमच्या शहरात हाहाकार माजविला. ज्या गावाला एका वर्षी पाण्यावाचून आणि दुसऱ्या वर्षी पाण्यामुळे मरण दिसते, त्या गावाने पाणी अडविण्याच्या, जिरविण्याच्या आणि वळविण्याच्या जुन्या रचना केवळ प्रेक्षणीय स्थळे म्हणून मोजाव्यात, हा शहाणपणा नव्हे. खजाना विहिरीच्या नहरींवर उद्या नवी वसाहत उभी राहिली, त्यांच्या वाटेत विंधन-विहिरी खोदल्या गेल्या, तर विहिरीचा दगड शाबूत राहील; पण विहीर राहणार नाही. म्हणून जतन करावयाचे ते केवळ दगडी कडे नव्हे. त्याला पाणी पुरविणारी जमीनही त्यातच धरली पाहिजे.

असे काम होऊ शकते ह्याचे दाखले दूर शोधावयास नकोत. बीदरजवळ नौबाद येथील बहमनी काळातील भुयारी पाणीव्यवस्था गेल्या दशकात गाळ काढून पुन्हा मोकळी करण्यात आली. हैदराबाद-सिकंदराबादेत कचऱ्याने बुजलेली बन्सीलालपेठेची बारव साफ करून डिसेंबर २०२२ मध्ये लोकांस खुली करण्यात आली. परभणी जिल्ह्यात वालूर येथील चक्राकार बारवेचा गाळ ग्रामस्थांच्या श्रमाने निघाला, आणि आज ती पाहण्यासाठी लोक वाट वाकडी करून जातात. राज्यातील अनेक गावांत तरुणांनी बारवा स्वच्छ करण्याची चळवळ स्वयंस्फूर्तीने चालविली आहे. बीड जिल्ह्यातील तरुण ह्यात मागे राहतील असे आम्हांस वाटत नाही. मात्र श्रमदानाला तांत्रिक मार्गदर्शनाची जोड हवी. उत्साहाच्या भरात कुदळीने जे निघते ते पुन्हा बसविता येत नाही.

आता कायद्याविषयी. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्रीय अधिनियम आहे. राज्याचा स्वतःचा अधिनियम १९६० चा आहे. घटनेच्या ५१ क ह्या अनुच्छेदाने आपल्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु संरक्षित स्मारकांच्या यादीत शहरातील निवडक वास्तूच बसतात. जुन्या पेठेतील दगडी वाडा, गल्लीच्या तोंडाशी असलेली लहान कमान, तटाचा उरलेला तुकडा, नदीकाठच्या पायऱ्या ह्यांना कोणी वाली नसतो, आणि शहराचा चेहरा तर ह्यांनीच बनलेला असतो. त्यांच्यासाठी उपाय आहे तो प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ह्याच्या कलम २२ मध्ये. शहराच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक व वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू व स्थळे ह्यांच्या जतनाची तरतूद करण्याचा मार्ग त्या कलमाने दाखविला आहे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा-वास्तूंची यादी व तिचे नियम अंमलात आणले. त्या संरक्षणात वाढलेल्या तेथील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचे स्थान मिळाले. ह्याचा अर्थ इतकाच की, यादी आधी होते आणि कीर्ती मागून येते.

ह्या सर्वांत घरमालकांची बाजू विसरून चालणार नाही. पडक्या वाड्यात चार भावांची कुटुंबे राहतात, छप्पर गळते, वाटणीचे भांडण कोर्टात आहे, आणि वर नगरपालिकेने ‘ही वारसा-वास्तू आहे, हात लावू नका’ असे फर्मावले, तर तो मालक वारशाला शिव्याच देईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. मोठ्या शहरांत अशा मालकास बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरण्याची वा विकण्याची सवलत मिळते. परंतु आमच्यासारख्या शहरात अशा हक्कांना बाजारात कितपत भाव येईल ह्याची शंका आहे. येथे साधे उपाय अधिक उपयोगी पडतील: घरपट्टीत सूट, दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज, आणि दर्शनी भाग राखून मागील बाजूस सोयी करून घेण्याची मुभा. ज्याच्या घराचे कौतुक करावयाचे, त्याच्याच खिशातून त्याची किंमत वसूल करणे हा न्याय नव्हे.

रोजगाराचा मुद्दाही ह्याच संदर्भात घेऊ. ह्या जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसे कोयता घेऊन उसाच्या फडांवर जातात. दुसरीकडे, चुना भिजविणे, घाणीत मळणे, त्यात गूळ व बेलफळ ह्यांचे पाणी योग्य प्रमाणात घालणे, दगड सांध्यास सांधा लागेल असा घडविणे, ह्या कामांची माणसे राज्यभर मिळेनाशी झाली आहेत. वडार आणि पाथरवट समाजातील ज्या वृद्धांच्या हातांत ही विद्या अद्याप आहे, त्यांच्या हाताखाली जिल्ह्यातील पन्नास तरुण तयार करणे ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नाही. तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी हे काम अंगावर घ्यावे. असा कारागीर बीडमध्ये तर काम करीलच, पण राज्यातील किल्ल्यांना आणि देवळांनाही तो हवा आहे.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आणि मोजकी आहे. येत्या वर्षभरात नगरपालिकेने शहरातील सर्व जुन्या दगडी वास्तूंची, वेशी, वाडे, विहिरी, घाट आणि प्रार्थनास्थळे ह्यांसह, छायाचित्रे व मोजमापे घेऊन यादी करावी आणि ती मराठीत व उर्दूत छापून नागरिकांच्या हाती द्यावी. ती यादी विकास आराखड्याचा भाग व्हावी. खजाना विहिरीच्या नहरींचा नकाशा प्रथम तयार करून त्यांच्या वाटेवरील बांधकामास आणि खोदाईस बंदी असावी. यादीतील कोणत्याही वास्तूची दुरुस्ती जाणकार वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावी आणि केवळ सर्वांत कमी दराची निविदा हा निकष त्या कामास लावू नये. देवस्थानांच्या आणि मशिदींच्या विश्वस्तांनी रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एकदा तरी सल्ला घ्यावा. आणि शाळांनी सहलीच्या बसगाड्या परगावी धाडण्याआधी मुलांना एक दिवस पायी, आपल्याच गावातून, कंकालेश्वरापासून राजुरी वेशीपर्यंत फिरवून आणावे. ह्यांतील एकाही गोष्टीस कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागते ती इच्छा आणि तारीख ठरवून काम करण्याची सवय.

नव्या स्थानकावर उतरणारा प्रवासी येथे काय पाहावयास येईल, ह्याची चिंता पर्यटन खात्याने करावी. आमची चिंता येथे जन्मलेल्या मुलाची आहे. रुंद रस्ता, उंच इमारत आणि चकाकणारे दुकान त्याला कोणत्याही शहरात मिळेल. कंकालेश्वराचे कुंड, खंडोबाच्या दीपमाळा आणि खजाना विहिरीचे पाणी त्याला दुसऱ्या कोणत्याही शहरात मिळणार नाही. रेल्वे यावयास काही दशके लागली, पण ती आली. वेस एकदा गेली म्हणजे तिच्यासाठी कितीही दशके मोर्चे काढले तरी ती परत येत नाही, ह्याचा विचार नगरपालिकेने, विश्वस्तांनी आणि आपण सर्व नागरिकांनी वेळीच करावा.